खिळा तसाच होता

भिंतीवरचं जहाज बोरघिल्डने नेलं.
म्हणाली, आईने मला कबूल केलं होतं.
नेऊ दे. वादळात सापडलेलं जहाज,
साठ वर्षं त्याच एका लाटेवर तिरकं;
मला ते कधी आवडलंच नव्हतं.
पण त्याच्यामागे एक फिकट चौकोन उरला
आणि चौकोनाच्या कपाळावर खिळा.

येता-जाता डोळ्यांत खुपायचा.
डिसेंबरात वार्ड्योमध्ये
भिंतीखेरीज बघायचं तरी काय?
सूर्य गेलेला. बाराच्या सुमारास खिडकीत
निळसर उजेड, मासे धुतलेल्या पाण्यासारखा,
दोन वाजता पुन्हा रात्र.
बँकेचं कॅलेंडर टांगून पाहिलं.
चौकोन चहूबाजूंनी डोकावत राहिला.

खाली शेडमध्ये ऑडमुंडच्या होडीचे डबे होते.
होडी विकली, ऑडमुंड गेला, डबे राहिले.
बुडाच्या तांबड्यावर जाड साय धरलेली,
ती सुरीने कापली.
खाली रंग ओला होता.
जिवंत म्हणावंसं वाटलं,
पण तो फक्त ओला होता.

जुन्या कपाटाचं दार बिजागऱ्यांतून सोडवलं,
जेवणाच्या टेबलावर आडवं घातलं,
खाली वर्तमानपत्रं,
आणि ब्रश घेऊन उभी राहिले
परीक्षेला बसल्यासारखी.

सांगायला लाज वाटते:
पहिल्या खेपेला पट्टेच निघाले.
तांबडा, हिरवा, तांबडा, हिरवा,
सगळे एका रुंदीचे.
एकतीस वर्षं फॅक्टरीत मी
कॉडचे तुकडे कापले, एका मापाचे,
मुकादम वजनकाटा न बघता पुढे जायचा.
हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.
मी चित्र नाही, खोकं भरत होते.

रागाने सगळ्यावरून चिंधी फिरवली.
तांबडं हिरव्यात गेलं, मधे एक तपकिरी उठला,
ज्याला नाव नाही,
ओल्या दोरखंडाच्या जवळपासचा.
तिथे थांबले.

मग ब्रश डाव्या हातात दिला.
डावा थरथरतो, गाठी आल्यात बोटांना,
त्याने आयुष्यभर फक्त मासा धरून ठेवला,
कापला कधीच नाही.
त्याला काही येत नव्हतं, म्हणून तो कुठेही गेला.
मोडक्या कंगव्याने पिवळा ओरबाडला,
जाळ्याचा तुकडा दाबून उचलला, त्याची वीण उमटली,
कोपऱ्यात मांजर चालून गेलं, तेही राहू दिलं.
रात्रीचे तीन वाजलेले की दुपारचे,
घड्याळ बघेपर्यंत कळलं नाही.

शेजारची तुवा शाळेतून येताना डोकावली.
काय आहे हे?
काही नाही.
तिने मान तिरकी केली. मग उलटं का नाही लावत?
लावलं. पिवळा खाली गेला, बरं दिसलं.
एका खिळ्यावर दार काही तोलून राहीना,
दुसरा ठोकावा लागला.
फिकट चौकोन एका बाजूने अजून बोटभर दिसतो.

रविवारी बोरघिल्ड आली. कॉफी घेतली.
बराच वेळ बोलली नाही,
जे तिच्या स्वभावात बसत नाही.
मग म्हणाली, आईला हे चाललं नसतं, गुन्व्होर.
नसतंच.
वॉफल संपला. कप बशीत ठेवताना म्हणाली,
माझ्याकडे ते जहाज फार काळोख करतं गं.
पलंगासमोर लावलंय. रोज उठून तीच लाट.

मी काही बोलले नाही. काय बोलणार.
तिनेच विचारलं, हिरवा उरलाय का?

जाकिटं चढवली, टॉर्च घेतला,
शेडच्या पायऱ्यांवर बर्फ, एकमेकींना धरून उतरलो.
डब्यांची झाकणं गंजून बसलेली,
तेव्हा हातोडीच्या दांड्याने एकेक वाजवत गेलो
आम्ही दोघी, सत्तरीतल्या, श्वासांची वाफ सोडत.
रिकामा. रिकामा. हाही.
थांब, ती म्हणाली, पुन्हा वाजव तो.