साडेतीन सूत

माझा जिना कागदावर तरंगत होता.
भिंतीतून निघालेल्या फळ्या, फळ्यांखाली पोकळी,
कठडा काचेचा.
दहा फूट उंची, भागिले सोळा,
साडेसात इंचांची एकेक पायरी. बाकी शून्य.
बाकी शून्य आली की मला उगाच बरं वाटतं.

सुकुमार मगदूम, उद्यमनगरातले पॅटर्नवाले.
पंपाच्या, चाकांच्या लाकडी प्रतिकृती करण्यात
चाळीस वर्षं गेली.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून सगळं किंचित मोठं मोजणारी त्यांची पट्टी
अजूनही सदऱ्याच्या खिशात.
कागद त्यांनी उलटासुलटा पाहिला.
"झ्याक हाय. पर ह्येच्यावर चढून बघिटलंय कुणी?"

चौथ्या दिवशी फोन. या म्हणाले.
अंगणात, गंजक्या कास्टिंगच्या ढिगाला लागून
पाच पायऱ्या उभ्या,
पॅकिंगच्या फळ्यांच्या, माझ्याच मापाच्या,
माझ्या पोकळीसकट.
काच तेवढी नव्हती. तिच्या जागी सुतळी ताणलेली.

मग आतून पद्माक्का आल्या,
दोन्ही हातांत मिरच्यांची पाटी घेऊन.
चटणीचे दिवस. मिरची गच्चीवर जाणार,
संध्याकाळी खाली येणार, उद्या पुन्हा वर.
पाटीच्या वर फक्त त्यांचे डोळे,
आणि डोळ्यांना पाय दिसत नव्हते.

एक. दोन.
तिसऱ्या फळीखालच्या पोकळीत पाऊल घुसलं, निरी अडकली.
पडल्या नाहीत.
नुसत्या थांबल्या, आणि एका पायानं
हवेत पायरी शोधत राहिल्या.

"कठडा धरा ना," मी ओरडले.
"कुठल्या हातानं?"

माझ्या नकाशांत माणसं असतात,
बारीक, राखाडी, शिक्क्यासारखी उमटवलेली.
जिना चढताना त्यांचे हात रिकामे असतात.
त्यांना गुडघे नसतात. मिरच्या तर नसतातच.

त्या रात्री राजारामपुरीतल्या खोलीत
मी सोळाच्या सतरा केल्या.
मगदूम खूश, पायऱ्या विषमच हव्या होत्या त्यांना,
उजव्यानं सुरुवात, उजव्यानंच पोचायचं.
सात इंच आणि अर्धं सूत.
दर पायरीमागं साडेतीन सूत कमी झालं.
या गावात साडेतीन म्हटलं की लोकांचा हात
आपोआप कपाळाकडे जातो.
माझा हल्ली गुडघ्याकडे जातो.

पोकळी बुजवली.
वरच्या अंगाला बोटभर फट मात्र राखली,
सकाळचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी
स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यावं म्हणून.
तेवढा हट्ट माझा.
काच गेली. लागलं थोडं.
तिच्या जागी मगदुमांनी बिडाचा कठडा ओतला,
आणि भिंतीला, कोपराच्या उंचीवर,
सागवानी पट्टी, अंगठ्याएवढी जाड.
हात गुंतलेले असले
तर कोपर घासत जाता येतं.
वळणावर, नवव्या पायरीला, कमरेइतका कट्टा.
कडाप्प्याचा. पाटी टेकवायला.

वास्तुशांतीला लोक खाली उभे राहून
मान वर करून बघत होते. कुणी मोबाइल काढले.
कागलच्या पाहुण्यांनी माझा नंबर घेतला.
मी पद्माक्कांना गाठलं.
त्या नुकत्याच वरून आलेल्या,
हातात रिकामी पाटी, कपाळावर घाम.
"जिना कसा वाटला?"
"जिना?"
त्यांनी मागं वळून पाहिलं,
जणू कुणी हाक मारली होती.
"बघायचंच ऱ्हायलं की वो. मी आपला वर गेलो, खाली आलो."

मी एकटीच वर निघाले,
हात मुद्दाम मागे बांधून, नजर समोर ठेवून.
पायऱ्या आपल्या जागी होत्या.
फटींतून ऊन येत होतं,
उन्हात लाल धूळ तरंगत होती,
आणि कट्ट्यापाशी पोचता पोचता
मला सणसणीत शिंक आली.