तळ दिसेपर्यंत

ब्लूमफाँटेनला दुष्काळाचं दुसरं वर्ष.
पाणी उपसून नवं भरायला पालिकेची मनाई,
म्हणून आहे तेच पाणी माणसात आणायचं होतं.

हिरवं म्हणजे किती,
तर कोपरापर्यंत हात घातला की बोटं दिसेनात.
लोडशेडिंगमध्ये पंप मुका,
आणि वीज आली की तो लावायचा असतो
हे बाबांच्या डोक्यातून कधीच पुसलं गेलेलं.

पायऱ्यांवर बुळबुळीत साय. जाळीत निलगिरीची पानं,
एक फुगलेला सरडा,
आणि बेडकांची पिल्लं. शेजारचा लेसेडी म्हणाला,
औषध टाकायच्या आधी ती मी नेतो.
दुपारभर बादली घेऊन पालथा पडून होता.
"एकशे बारा," कुंपणावरून त्याने हिशोब दिला,
"एक मेलं. ते धरलं नाही."

बाबा चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते.
मला हल्ली ते कॉर्लिया म्हणतात; ती त्यांची बहीण, वारलेली.
पण काचेच्या नळीत पाच थेंब टाकून
मी ती उजेडात धरली, तेव्हा खुर्चीतूनच म्हणाले,
"आठ पॉइंट दोन. आधी आम्ल, मग क्लोरीन.
उलटं केलंस तर पैसे पाण्यात."
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईतो हसले.
"क्लोरीन ऊन उतरल्यावर, कॉर्लिया.
उन्हाला ते फार आवडतं. पिऊन टाकतं."

त्या रात्री बेडूक ओरडले नाहीत.
आवाज नाही म्हणून मला जाग आली.

दोन दिवस भिंती घासल्या. खांदे भरून आले.
डिकेलेदी असती तर,
हे वाक्य मी लांब दांड्याच्या ब्रशखाली
पुन्हा पुन्हा दाबत होते आणि ते वर येत होतं.

मी तिला चोर म्हटलं नव्हतं.
मी फक्त विचारलं होतं, आईचे चांदीचे चमचे कुठे गेले,
दोनदा,
आणि दुसऱ्यांदा तिच्या पिशवीकडे बघत.
तिने पिशवी टेबलावर उलटी केली.
एक संत्रं. बसचा पास. गुडघ्याला लावायचं मलम.
मग एप्रन काढला, घडी घातली, वर किल्ली ठेवली.
तो मे महिना होता. संत्रं टेबलावरच राहिलं,
ते कुणी खाल्लं मला आठवत नाही.

मेलेलं शेवाळ राखाडी असतं.
चौथ्या दिवशी पाणी पातळ ताकासारखं.
गाळणी उलटी धुतली, पुन्हा धुतली,
गवतावर गढूळ लोट गेला
आणि बगळे त्यात पाय न घालता लांबून बघत राहिले.

सहाव्या सकाळी तिसरी पायरी दिसली.
मग चौथी. मग तळाची झाकणी,
आणि बाबांच्या खुर्चीच्या बाजूला, भिंतीलगत,
काळे पडलेले
अकरा.

मी कपड्यांसकट उतरले.
एकेक वर आणून टॉवेलवर ठेवत गेले.
बाबांनी एक उचलून डोळ्याजवळ धरला.
"नमुने घेत होतो," ते म्हणाले.
"खोलातलं पाणी वेगळं असतं, वरून कळत नाही.
फक्त चमचा परत येत नाही, एवढीच अडचण."

लेसेडी कुंपणाला लोंबकळून विचारतो,
पिल्लं आता परत सोडू का?
पाय फुटलेत काहींना.
नको, मी म्हणते. आता इथे जगायची नाहीत.

फोनमध्ये तिचा नंबर अजून आहे,
'डिकेलेदी काम' या नावाने.
आडनाव मी कधी भरलं नव्हतं.

चमचे बारा होते.
ओल्या कपड्यांनी मी काठावर बसले आहे,
आधी बारावा सापडू दे, म्हणत,
आणि पाणी इतकं नितळ झालंय
की तो तिथे नाही हे
इथूनच दिसतंय.