बारा सारख्या काड्या

सकाळी पावणेसात. हिल्ला पायपुसण्यावर
फतकल मारून बसलेली.
बर्फाच्या ओव्हरॉलमध्ये एकच पाय गेलाय,
तोही डावा, उजव्या नळीत.
मी पुढे होतो. "मी घालणार!"
मी मागे सरतो. "तू घाल!"
मी पुन्हा पुढे होतो आणि ती भोकाड पसरते,
जिन्यात तीन मजले घुमेल असं.
बाहेर उणे चौदा. बस सात वाजून दोन मिनिटांनी.
चार वर्षांच्या माणसाला मिनिट म्हणजे काय
ते मला अजून समजावता आलेलं नाही,
आणि मला स्वतःला मिनिटापलीकडचं काही
समजेनासं झालंय.

पाळणाघराची चिठ्ठी फ्रिजवर आहे:
हिल्लाने वेइक्काच्या दंडाला चावा घेतला.
कारण विचारलं. सांगत नाही.
मीही विचारलं. जेवताना, आंघोळीत,
दिवा मालवल्यावर.
भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली,
"दातांना खाज सुटली होती."
साइमीला रात्रपाळीत फोन केला.
"रागावलास?"
"हो."
"मग?"
"मग काही नाही. ती झोपली. मी अजून रागावलेलाच आहे."

शनिवार. अडीचच्या आत दिवस संपला.
कायानीत डिसेंबरचा दिवस असाच,
दार किलकिलं करून
'चुकून आलो' म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.

खालच्या मजल्यावरच्या केर्तूने राय धान्याचं काड दिलंय,
भावाच्या शेतातलं, विळ्याने कापलेलं.
यंत्राने कापलं की चेपतं म्हणे.
त्याचं नाताळचं झुंबर करायचं, हिम्मेली,
जेवणाच्या टेबलावर टांगायला.
दोरा, लांब सुई, कात्री
आणि बारा सारख्या काड्या.
"सारख्या हं," केर्तूने बोट उगारलं होतं,
"नाहीतर ते तिरकं होतं."

मी पट्टीने मोजून खूण करतो. हिल्ला कापते.
कापते म्हणजे खुणेच्या आसपासच्या मुलखात कापते.
एक वीतभर. एक करंगळीएवढी.
एक तर तिने दातांनीच तोडली.
ओठांवर आलेलं "अगं" मी गिळतो.
भिजवलेल्या काडाला वास येतो
भाजलेल्या पावाचा, आणि थोडा ओल्या कुत्र्याचा.
ती जीभ बाहेर काढून सुई ओवते.
हात गुंतले की तोंड सुटतं, हे मला
कुणी सांगितलं नव्हतं.

"वेइक्का म्हणाला, सूर्य मेला.
त्याला बर्फात पुरला. आता नाहीच येणार.
मी म्हटलं, येणार. तो म्हणाला, नाही.
मी म्हटलं, येणार. तो म्हणाला, नाही.
मग माझ्याकडचं बोलायचं संपलं."

मला पुष्कळ सांगता आलं असतं.
पृथ्वी कलते वगैरे. समोर संत्रं होतं, सुई होती.
चावायचं नसतं हेही सांगायचं होतंच, आणि
ते मी सांगितलं, नंतर, दात घासताना.
पण तेव्हा एवढंच विचारलं,
"आता कुठली काडी?"
तिने सगळ्यात आखूड निवडली.

बाराव्या काडीला गाठ मारली.
जे झालं त्याला सहा कोपरे होते.
बाकी आकाराबद्दल न बोललेलं बरं.
एक खांदा वर, एक पडलेला,
रात्रपाळीहून आलेल्या माणसासारखा.
टांगलं, तर आमच्या श्वासानेच फिरू लागलं,
आखूड काडीशी अडखळत.
हिल्ला खुर्चीवर उभी राहून फुंकर मारते.
ते वळतं, पाठ करतं,
दोऱ्याला पीळ बसतो, थांबतं,
उलगडत माघारी येतं.
"आलं," ती म्हणते. पुन्हा फुंकर. "आलं."
सतरा वेळा. मी मोजलं. सवय.

सोमवार. पायपुसणं. ओव्हरॉल.
डावा पाय, उजवी नळी.
तिच्या शेजारी मीही जमिनीवर बसतो, बूट घालून,
टोपीखाली घाम.
सात वाजून दोन मिनिटांची बस
खिडक्यांचा पिवळा पट्टा ओढत निघून जाते.
हिल्ला पाय काढते, नळीत डोकावते,
आत कुणी राहतं का बघावं तसं.
सात बावीसची यायची आहे.