परतीची मुदत

खोका फेकू नका, भाविकाने बजावलं,
सात दिवसांत परत करता येतो.
म्हणून थर्माकोलसकट तो उभा आहे
गोठिवलीच्या आमच्या दीड खोलीत, फ्रिज आणि दाराच्या मध्ये,
आणि आम्ही सगळे तिरके होऊन आत-बाहेर करतो.

निम्मे पैसे तिचे. वाशीच्या कुठल्याशा मॉलमध्ये
चार पोरी हेडफोन लावून बसल्या होत्या
आणि जिंकल्या होत्या. किती जणांना मारून, मी विचारलं नाही.
निम्मे माझे: हळदीच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर,
दशक्रियेच्या काळ्या चौकटी.
दिघ्यापासून घणसोलीपर्यंतची नावं माझ्या हातून जातात.

पहिली रात्र तिची.
भिंतीआडून कुणी डोकावलं तर लगेच दिसतो, म्हणाली,
पळताना मागे सावली ओढत नाही.
मला फक्त तिची मान दिसली, सरळ.
जुन्यासमोर ती झुकलेली असायची,
गटारात पडलेली किल्ली शोधावी तशी.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी.
॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥ लिहिलं
आणि शिरोरेखेला वरून हिरवा, खालून गुलाबी
काठ आला.
अक्षरं नेसून लग्नाला निघालेली.
मी चष्मा पुसला. मग पडदा पुसला.
ठिपक्यांची मांडणीच तशी असते, बाबा,
इंग्रजीत एवढं जाणवत नाही.
जाणवेल कसं? त्यांच्या अक्षरांना
एका दांडीला लटकून जन्म काढायचा नसतो.

तीन वाजता खिडकीतून ऊन आलं
आणि काळा रंग जांभळट पडला,
दोन पावसाळे झालेल्या छत्रीसारखा.
मी चादर टांगली. वैजू म्हणाली,
आता ह्याच्यासाठी दुपारची रात्र करायची?
तिने मालिका लावून बघितली तरीही.
सासूच्या नाकावरची पावडर दिसते, हा तिचा निकाल.

दिनूने हळदीचं शूटिंग आणलं पेनड्राइव्हवर.
जुन्यावर नवरीचे गाल आंब्याच्या आइस्क्रीमचे,
इथे हळद हळदीची,
कानामागे हात न पोचलेला कोरडा पट्टासुद्धा.
बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला,
पण लोक तर मोबाईलवरच बघणार.

चौथ्या की पाचव्या रात्री दिवे घालवून
नुसतं काळं चित्र लावलं, तपासायला.
खाटेवरून आबा म्हणाले, बंद केलास काय रं?
नाही, चालू आहे.
मी कोपऱ्यात एक पांढरा ठिपका ठेवला,
टाचणीच्या डोक्याएवढा.
आबा उठून बसले.
यो खारीचा कालोख हाय, म्हणाले. होरी कुनाची?
मी ठिपका जरासा सरकवला.
ते बघत राहिले, कुणाची ते बोलले नाहीत.

भीती एकच. जे हलत नाही ते ह्यावर उमटून बसतं, म्हणतात.
आणि माझी अवजारं दहा-दहा तास डावीकडे तीच:
बाण, कात्री, रंगाची बादली.
भिंतीवरचा आरसा काढला त्याला अकरा वर्षं झाली,
वैजू अजून त्या चौकोनासमोर वेणी घालते.

जुन्यावर एक ठिपका मेलेला होता.
पांढऱ्यावर काळा, मोहरीहून बारीक. सवय झाली होती.
एकदा तो नेमका 'म'च्या डोक्यावर बसला
आणि मी 'मंगल कार्यालय' वाचलं.
सातशे पत्रिका 'मगल' छापून आल्या.
रबाळ्याच्या त्या माणसाने पैसे दिले, पूर्ण.
ते जास्त लागलं.

आज सातवा. न्यायला आलेला मुलगा
खाली रिक्षास्टँडपाशी उभा राहून फोन लावतोय.
अक्षरं दोन पॉइंट मोठी केली,
काठ फिके झाले, गेले नाहीत.
'मंगल' लिहिलं. पान वर सरकवलं.
अनुस्वार 'म'बरोबर वर गेला.
खाली सरकवलं. आला.
पुन्हा एकदा.
फोन वाजतोय.
वैजू विचारतेय, खोक्यात कांदे ओतू का.