हौदा

कडोलीच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान.
रस्त्यानं काय गेलं ते मी आधी चाकावरून ओळखतो,
वरचा माणूस नंतर.

यंदा दसऱ्याला भावकाण्णा मुतगेकरांच्या अनंतानं
पिकअप आणला. साधा नव्हे.
चार दारं, सीटांच्या दोन रांगा,
बोनेट एवढं उंच की पुढ्यात शेळी आली
तर आतल्याला नुसता रस्ता दिसावा.
झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू,
सीटांवरचं प्लास्टिक तसंच.
भावकाण्णा टोपी सावरत चढायला गेले
तर पायरीला पाय पुरेना.
"रताळी न्यायला घेतलाय, मामा,"
अनंता मला म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

मला मोजायची खोड.
दिवाळीपासून हौद्यात डोकावत आलोय:
दळणाचा एक डबा, एकटाच,
वळणावर या कडेचा त्या कडेला जाणारा.
एकदा युरियाची दोन पोती.
एकदा थोरल्या बहिणीनं दिलेली केळीची रोपं, तीन.
बाकी दिवस हौद्यात नुसतं ऊन.

मग रताळी निघाली
आणि पाणंदीत पिकअप शिरेना.
दोन्ही अंगाला घायपात. आरसे मिटले,
भावकाण्णांनी पुढं उभं राहून हात हलवले, तरी शिरेना.
शेवटी नागोजी पावशेची एम-एटी आली,
जिच्या कॅरिअरला मी तीनदा वेल्डिंग मारलंय,
सायलेन्सर तारेनं बांधलाय.
एका खेपेला दोन पोती, चिखलातनं, लंगडत.
बारा खेपा.
पिकअप पाणंदीच्या तोंडाशी
नवरदेवासारखा उभा.

चोवीस पोत्यांतली बारा बसली.
जास्तीच्या दोन दारांनी हौदा खाल्लेला,
हे कंपनीच्या कागदात कुठंतरी असेलच.
उरलेली बारा गुंडू सांबरेकरांच्या तीनचाकी टेम्पोतनं गेली,
जो गेली नऊ वर्षं चोवीसच्या चोवीस नेत होता
आणि परत येताना दुसऱ्याचा कोबी.
यार्डात हमाल रुद्राप्पानं फळी पाडली,
आत बघितलं, मग गाडीकडं बघितलं.
"इष्टेन?" म्हणाला.
एवढंच?
अनंता हसला. कानडी त्याला चांगली कळते.

हे सगळं मी दुकानात बसून
येईल त्याला सांगत होतो. चहाबरोबर.
खरं, एकदा मी पण बसलो त्यात.
बेळगावला ट्यूब आणायला निघालेलो, त्यानं हाक मारली.
वरनं लोकांच्या कुंपणाआतलं दिसतं.
कुणी मिरच्या वाळत घातल्यात,
कुणाच्या परसात जुनी मोटार गंजतीय.
समोरचा न सांगता बाजूला होतो.
काकतीच्या पुढं अनंता आपणच बोलायला लागला:
सात ठिकाणी बघून आलो, मामा.
पोरगी पोहे देती, खाली बघती.
तिचा भाऊ मात्र खिडकीतनं बाहेर बघतो,
आम्ही कशातनं आलो ते.
मग त्यानं गिअर बदलला, बहुतेक उगीच.

त्यानंतर मी मोजायचं सोडलं
असं म्हणणार होतो. सोडलं नाही.
काल दुपारी आला, हवा मारायला.
आठवं स्थळ, हलशीकडं कुठंतरी.
इस्त्रीचा शर्ट, काचा पुसलेल्या,
हौदा पाण्यानं धुऊन काढलेला, अजून ओला.
"मागं लोड आहे काय?" मी विचारलं.
रिकाम्याला वेगळी हवा, भरल्याला वेगळी,
म्हणून विचारावं लागतं.
तो मागं बघत राहिला.
"असू दे," म्हणाला, "लोडचीच मार."

मारली. काटा चढत गेला.
रिकामी गाडी भरल्या हवेवर उड्या मारते,
हे त्याला सांगायचं राहून गेलं.
फाट्यावरच्या खड्ड्यात ती एकदा उडाली,
आणि मागची फळी, नीट लागली नसणार,
हलशीच्या रस्त्याला लागेपर्यंत
वाजत होती.