चुना

आमच्याकडे अंतर विड्यात मोजतात.
गाव किती लांब, असं कुणी विचारलं
तर मामा सांगायचे, दोन क्वाय,
म्हणजे दोन विडे चघळून होतील इतकी वाट.

फुटबॉलचा सामना चार विड्यांचा.
रेफरी शिट्टीचा शौकीन असला तर पाच.

मी थ्रिना. मावरेंग मैदानाच्या पत्र्याच्या फाटकाशी
माझी टोपली. ओल्या फडक्यात पानं,
चिरलेली ओली सुपारी,
आणि चुन्याची डबी, आधी बूटपॉलिशची होती.
चुना सोह्राकडचा, दगड भाजून केलेला,
तोंड भाजेल असा.

यंदा लीगमध्ये आठ संघ, प्रत्येकाचे चौदा सामने.
आमचा रियातलांग क्लब, गोलमध्ये बान्शाय,
माझ्या गेलेल्या बहिणीचा मुलगा,
म्हणजे इथल्या हिशोबाने माझाच.
पाठीवर डोह्लिंग, आमच्या आयांचं नाव.
बाप शिलाँगला टॅक्सी चालवतो,
आला तर तिकीट काढून बसतो, पाहुण्यासारखा.

ऑगस्टमध्ये चार खाल्ले. मग तीन. मग परत चार.
सप्टेंबरभर आमचा संघ गोल खात होता
आणि लोक माझे विडे.
धंदा बरा झाला, हे मी कुणाला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात एकदा जिंकलो,
तोही गोल त्यांच्याच स्टॉपरने स्वतःच्या जाळ्यात घातलेला.
आम्ही तरी त्या पोराला खांद्यावर घ्यायचं तेवढं ठेवलं.
मग पिन्बियांग बंगळुरूला गेला, हॉटेलात कामाला.
त्याची नऊ नंबरची जर्सी लामफ्रांगला घातली,
पोट झाकेना.
कोच इओहबोर एरवी जोवाईच्या रस्त्यावर सुमो चालवतात,
खेळाडू बदलतानाही ओरडतात,
"एक उतरा, एक बसा!"

नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार.
चेरीची फुलं गोलपोस्टात पडायची,
बान्शाय ती पायाने बाजूला सारायचा,
आत आलेलं काहीही त्याला खपत नसे.

शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरली असती.
रात्री पाऊस झाला, मैदानाच्या रेषा वाहून गेल्या.
किर्शान माळ्याच्या पोत्यातला चुना भिजून दगड झालेला,
वरवर खरवडून त्याने कशाबशा रेषा ओढल्या,
पूर्वेकडचा पेनल्टीचा ठिपका तेवढा राहिला.
तो माझ्यासमोर तळवा पसरून उभा.
"कोंग, चिमूटभर."
मी डबी उपडी केली.
नंतरचे विडे बिनचुन्याचे विकले, शिव्या खाल्ल्या.

चौऱ्याऐंशीवं मिनिट. लामफ्रांगच्या हाताला चेंडू.
हात होता की पोट, देव जाणे.
रेफरीने बोट दाखवलं पूर्वेकडे.

बान्शाय बरोबर बाजूला झेपावला.
बोटं लागली सुद्धा.
चेंडू खांबाला लागून आत.

"चुना लावला रे, रेफरीने चुना लावला!"
सगळं फाटक ओरडत होतं.
मी खाली बघून पानं मोजत बसले.
बावीस होती. पुन्हा मोजली.

सगळे गेल्यावर तो आला, ग्लोव्ह काखेत.
"मेइनाह, एक दे."
"चुना नाहीये."
"चालेल."

चालत नाही. चुन्याशिवाय क्वाय म्हणजे
नुसतं लाकूड चावणं, ओठही रंगत नाहीत.
तेव्हा मला दिसलं,
उजव्या ग्लोव्हच्या दोन बोटांवर पांढरं,
चेंडूने ठिपक्यावरून उचलून आणलेलं.
नखाने खरवडलं. पानाला लावलं.
थोडी मातीही आली.
त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
तो चघळत राहिला, पहिला विडा, दुसरा,
मग पिंक टाकून म्हणाला, "मातकट आहे."

पुढच्या वर्षी खालची लीग.
ते मैदान इथून दीड विड्यावर, चढाचं.
टोपली जरा हलकी विणून घ्यायला हवी.