पाणी येतं का?

सुकुमार चौगुलेनं कुलूप काढलं
आणि आधी खिडकी दाखवली.
एजंट घर दाखवतो ते असं, उजेडाकडून.
कर्नाळ रस्त्याला, तळमजला, एक खोली, किचन.
"बाईच्या नावावर घ्या मॅडम, एक टक्का वाचतोय.
भाड्यातनंच हप्ता फिटतो. तुम्ही नुसतं मालक व्हायचं."

मार्केट यार्डात, अडतीच्या दुकानात
मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा लिहिते.
हळदीचा दर चढला तर पगार चढत नाही,
बोटं तेवढी पिवळी होतात.
नुसतं मालक होणं मी रोज बघते:
पंखा त्यांच्याकडं वळवलेला असतो.

भिंतींना नवा पिस्ता रंग.
पण लाइटचा बोर्ड माझ्या कपाळाला,
फ्रिजचा प्लगही तिथंच, वर.
"हे एवढं उंच का हो?"
"पोरांचा हात लागू नये म्हणून."
दाराच्या चौकटीमागं मी नखानं खरवडलं.
पिस्त्याखाली निळा,
निळ्याखाली, चहा वाळलेल्या कपाला असते तशी
एक तपकिरी रेघ.
चौगुले मोबाईल बघायला लागला.

सोळा म्हणाला होता.
त्या रेघेवर बोट ठेवून मी चौदावर आणलं.

इसार. वकिलाचा सर्च रिपोर्ट, तीस वर्षांचा.
दस्तात माझं खराडे, त्यांनी खरडे केलं;
दुरुस्त होईस्तोवर सव्वा तास
ते घर कुणा दुसऱ्याच विजयमालाचं होतं.
मग हप्ता, दहा हजार एकशे त्रेचाळीस.
तीन महिने खोली रिकामी.
कुलूप लावलेलं घरसुद्धा जेवतं
हे चौगुलेनं सांगितलं नव्हतं.

मग मल्लिकार्जुन बिरादार आला, जतचा,
मिरजेत दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर असतो.
बरोबर बायको, नीलव्वा. ती फरशा मोजत होती,
कॉट कुठं बसेल ते.
भाडं साडेपाच, डिपॉझिट वीस. कबूल.
जाता जाता त्यानं विचारलं,
"पाणी येतं का?"

"येतं की. सकाळी साडेसहा ते आठ."

खोटं नव्हतं.
अशी नोंद ऑडिटला चालते.
ते फाटकापर्यंत गेले.
मी खोलीत बोर्डाखाली उभी,
कपाळाला बटणं.

"अहो बिरादार!
दुसरं पाणी पण येतं.
मागच्या मोठ्या पुरात इथवर होतं."
बोर्डाखाली चार बोटं, हात लावून दाखवला.
"आयर्विनला चाळीस फूट झालं की गाद्या उचलायच्या."

नीलव्वा कानडीत काहीतरी बोलली
आणि दोघं हसायला लागले.
"काय म्हणाल्या?"
"म्हणतीय, आमच्याकडं टँकर आला की
अख्खं गाव घागरी घेऊन पळायचं.
हितं नदीच दारात येतीय म्हणं."
हसू पुसून तो एकदम व्यवहारावर आला,
"मग पाचशे कमी करा.
आन् वर माळा घालून द्या, पेटी चढवायला."
हा सूर माझ्या ओळखीचा होता.

पाच हजार भाडं. माळ्याचे साडेआठ.
दरमहा तूट पाच हजार एकशे त्रेचाळीस.
अकरा महिन्यांच्या कराराला
माझं बोट मशीनला लागेना.
"पुसा मॅडम," ऑपरेटर म्हणाला.
हळद काय पुसून जातीय होय.
चौथ्या वेळेला लागलं.

ऑगस्ट.
गेले तीन दिवस मी झोपायच्या आधी
पुलाचे फूट बघते, जसा दुकानात दर बघते.
चौतीस. छत्तीस. साडेसदतीस.
काल रात्री साडेदहाला फोन. बिरादार.
"मॅडम, पाणी..."
मी उठून चप्पल शोधायला लागले.
"...येईना झालंय संध्याकाळपासनं."
"कुठलं?"
"कुठलं म्हंजे? टाकीचं. वरचा व्हॉल्व्ह गेलाय वाटतं."

प्लंबर, तीनशे पन्नास.
खर्चाच्या बाजूला लिहिलं
आणि बराच वेळ
चप्पल पायातच होती.